तिसऱ्या मजल्यावरचं गोंदण

कुडाळ स्टेशनवर गाडीची वाट बघत होते, तेव्हा समोरच्या तारेवर एक खंड्या येऊन बसला. मी लगेच पिशवीतून फोन काढला, दोन बोटांनी पडदा ताणला, खंड्या तळहाताएवढा झाला आणि मी तो टिपला. शेजारच्या बाकावरच्या काकांना दाखवला, तर ते म्हणाले, "वा! चोच काय लाल आलीय हो!" माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. फोन नवा होता, शाळेतून निवृत्त झाले तेव्हा मीच मला घेतलेला. दुकानदार म्हणाला होता, "बाई, तीसपट झूम आहे. चंद्रावरचे खड्डे बघा." चंद्राकडे माझं काही काम नव्हतं. माझं काम मुंबईत, लालबागला होतं.

काम खरं तर आईचं. आई लग्न होऊन आली ती लालबागच्या एका चाळीत. वडील गिरणीत होते. शेजारच्या खोलीत शेवंता नावाची तिच्याच वयाची साताऱ्याकडची बाई राहायची, आणि दोघींचं इतकं जमायचं की एकीचं मीठ संपलं तर दुसरीच्या बरणीत हात घालताना विचारायची पद्धत नव्हती. माझा जन्म तिथलाच. पण मी तीन वर्षांची असताना आजोबा अंथरुणाला खिळले म्हणून आई दादाला आणि मला घेऊन गावी आली, ती कायमचीच. त्यानंतर ह्या दोघींची मैत्री चाकरमान्यांच्या (नोकरीसाठी मुंबईत राहणाऱ्या गाववाल्यांच्या) पिशव्यांतून चालली. गणपती झाले की आमच्याकडून सोलं (कोकमाच्या वाळवलेल्या साली) जायची, शिमग्याला तिकडून मसाला यायचा, आणि सोबत तोंडी निरोप. दोघींनाही लिहिता येत नाही. घरात फोन आल्यावर आम्ही दर वेळी सांगायचो, तिचा नंबर आणा, आणि दर वेळी आणणारा विसरायचा.

गेल्या गणपतीत एक चाकरमानी ओसरीवर चहा पिता पिता म्हणाला, "अगो, ती शेवंताबाई वारली." आईने उठून डोक्यावरून आंघोळ केली. दोन दिवस जेवली नाही. आणि शिमग्याला दुसरा म्हणतो, "छे! मी त्यांना परवाच बाजारात सुकट घेताना बघितलं." आता ह्याला काय म्हणावं? आमच्याकडे म्हणतात, मेल्याची खोटी बातमी आली की त्या माणसाचं आयुष्य वाढतं. वहिनीने तेच सांगून आईची समजूत काढायचा प्रयत्न केला. आई म्हणाली, "ता खरां. पण आधी ती आसा का नाय ता कळाक नको? तोंडान सगळे सांगतत. माका फोटो होयो." (ते खरं. पण आधी ती आहे की नाही ते कळायला नको? तोंडाने सगळे सांगतात. मला फोटो हवा.) खुब्याचं हाड मोडल्यापासून आई ओसरीच्या पुढे जात नाही. म्हणून मी निघाले.

दादरला उतरले तेव्हा नुकतं उजाडत होतं. बाहेर फुलबाजार भरला होता. पायाखाली पानं, देठ, पाणी. टोपल्यांतून झेंडू, शेवंती, अबोली. पुलावर चढून मी खालच्या झेंडूच्या ढिगाचा झूम करून फोटो घेतला. बघते तर फूल एकही नाही, नुसता केशरी लगदा. म्हटलं, गर्दीत धक्का लागला असेल. एका जुन्या मराठी उपाहारगृहात साबुदाणा वडा आणि पियूष घेतलं. वडा असा गरम, की जीभ भाजली आणि पुढचा दिवसभर कशालाच चव लागली नाही. शेजारच्या टेबलावरचे आजोबा म्हणाले, "आधी फोडायचा, मग फुंकायचा, मग खायचा." हे त्यांनी आधी सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?

मुक्काम करायचा होता गिरगावात, फणसवाडीत, सुनीताकडे. सुनीता माझी कुडाळची शाळेपासूनची मैत्रीण. लग्नानंतर मुंबईला आली, एका वर्तमानपत्रात पानं लावायच्या खात्यात नोकरी केली आणि आता घरी असते. तिच्या गॅलरीतून दोरीला पिशवी सोडून भाजी वर घ्यायची सोय आहे. मी खालून हाक मारली, तर तिने आधी पिशवीच सोडली. वर म्हणाली, "तुझी बॅग टाक त्यात, तू जिन्याने ये." तिचं बोलणं आता पक्कं मुंबईचं झालंय. चहा पिताना मी शेवंतामावशीचं सगळं सांगितलं, तर म्हणते, "अगं मग टेन्शन कशाला? उद्या जा, बघ, फोटो मार, खलास."

दुसऱ्या दिवशी सुनीताला बँकेत काम होतं, म्हणून एकटीच लालबागला गेले. एप्रिलचं ऊन सकाळीच चटके देत होतं. आधी मसाल्याच्या गल्लीत शिरले, कारण चाळ तिच्या पुढेच आहे असं आईने सांगितलं होतं. हे दिवस वर्षाचा मसाला करायचे. बायका पोत्यांवर वाकून मिरच्या निवडत होत्या, बेडगी आणि संकेश्वरी हातात घेऊन वास घेत होत्या, आणि डंकांचा (मसाला कुटायच्या यंत्रांचा) ठोका सगळ्या गल्लीत घुमत होता. मला शिंकांनी असं गाठलं की थांबेचनात. एक बाई मिरचीवरून नजर न काढता म्हणाली, "नवीन दिसताय. नाकाला पदर लावा." पदर कुठला, मी तर सलवार-कमीज घातलेली! ओढणी लावली आणि त्या नादात पाय पोत्याला अडकून चपलेचा अंगठा तुटला. लालबागच्या उड्डाणपुलाखाली बसलेल्या चांभाराने तो शिवून दिला. त्यालाच चाळीची वाट विचारली.

चाळ रिकामी होत आली होती. दर्शनी भिंतीवर धोकादायक इमारतीची पाटी, खिडक्यांच्या चौकटी निघालेल्या, खालची दुकानं बंद. एकच पूजेच्या सामानाचं दुकान उघडं होतं. त्या दुकानदाराला विचारलं, "शेवंताबाई राहतात का इथे?"

"नावं नाय माहीत, ताई. मी आता आता भाड्याने आलोय. बरेचसे लोक गेले. तिसऱ्या माळ्यावर एक म्हातारी आहे बघा, दिवसा एकटी असते."

मी जिन्याकडे वळले, तर स्टुलावर बसलेला रखवालदार उठला. "ऊपर जाना मना है, माताजी. सीढी कमजोर है." माझ्यापेक्षा फार तर पाचसहा वर्षांनी लहान असेल, आणि म्हणे माताजी! मी त्याला खूप समजावलं. तो म्हणाला, भाडेकरू सोडून कुणाला वर सोडलं तर त्याची नोकरी जाईल. म्हातारीचं नाव त्यालाही माहीत नव्हतं. शेवटी मी रस्ता ओलांडून समोरच्या फुटपाथवर गेले. तिथून तिसऱ्या मजल्याची गॅलरी दिसत होती आणि कठड्याच्या गजांमागे खरंच एक म्हातारी बाई बसली होती, मांडीवर सूप घेऊन. मी जोरात हाक मारली, "शेवंतामावशीऽऽ!" पुलावरून बस गेली, खालून दोन ट्रक गेले, माझी हाक मलाच ऐकू आली नाही. म्हातारी तांदूळ निवडत राहिली.

मग फोन होताच की! दोन बोटांनी पडदा ताणत गेले, शेवटच्या टोकापर्यंत. हात हलू नये म्हणून विजेच्या खांबाला कोपर टेकवलं. फोटो आधी धुरकट दिसला. मग फोनने आतल्या आत काहीतरी केलं, आणि माझ्या डोळ्यांदेखत चित्र एकदम लख्ख झालं. चेहरा कसा उजळ, गुळगुळीत! आईच्या वयाची बाई साठीची दिसत होती. सुपाचं मात्र फडकं झालं होतं, आणि हाताची बोटं एकमेकांत विरघळल्यासारखी दिसत होती. तिकडे मी लक्ष दिलं नाही. म्हटलं, मुंबईचं पाणी मानवलंय मावशीला. फोटो वहिनीच्या फोनवर पाठवला आणि लगेच फोन लावला.

आईचा आवाज आला. "ही कोण?"

"तिसऱ्या मजल्यावरची बाई. चाळीत म्हातारी आता एवढी एकच. शेवंतामावशीच ना?"

"ही शेवंता न्हय गो."

"अगं नीट बघ. चष्मा लावलायस का?"

"लावलंय. शेवंताच्या कपाळार गोंदण आसा, तीन ठिपके, आणि हनवटीर एक. ह्या बायचां कपाळ बघ कसां, धुतलेल्या पाटासारख्यां." (शेवंताच्या कपाळावर गोंदण आहे, तीन ठिपके, आणि हनुवटीवर एक. हिचं कपाळ बघ कसं, धुतलेल्या पाटासारखं.)

मी फोटो पुन्हा मोठा करून बघितला. खरंच, कपाळ कोरं होतं. ठिपका तर सोडाच, सुरकुतीही नव्हती. तेवढ्यात वहिनी फोनवर आली. "ताई, आई आत गेल्या. म्हणाल्या, माझी आंघोळ खोटी नव्हती."

मला काय वाटलं ते सांगता येणार नाही. इतक्या लांब येऊन मी आईला तीच बातमी दुसऱ्यांदा दिली होती. जवळच्या खाणावळीत सुरमईची थाळी मागवली, सोलकढी तेवढी प्यायले, बाकी तशीच ठेवली. वाढणारा विचारायला आला, "मासा ताजा नाही का, बाई?" मासा ताजाच होता, त्याचा काय दोष?

संध्याकाळी सुनीता मला चौपाटीवर घेऊन गेली. वाळूत बसून आम्ही शेंगदाणे खाल्ले. मग सुनीता म्हणाली, "उद्या खोताच्या वाडीत जाऊ. तू लहानपणी चित्रं काढायचीस ना घरांची, तुला आवडेल." परतीची गाडी परवाची होती. मला कुठेच जायचं नव्हतं, पण घरात बसून तरी काय करणार होते?

खोताच्या वाडीत सकाळी गेलो. गिरगावच्या हमरस्त्यावरून आत वळलं की आवाज मागे राहतो. अरुंद बोळ, दोन्ही बाजूंना लाकडी घरं, रंगवलेले जिने, कुंड्या, एका दारात क्रूस, पुढच्या दारात तुळस. कोंबडीच्या रश्शाचा वास येत होता आणि कुणीतरी आत रेडिओ लावला होता. बोळाच्या टोकाला एका निळ्या घराच्या व्हरांड्यात हाताने रंगवलेली लाकडी पाटी दिसली. तिथूनच मी झूम केला आणि फोटो घेतला.

"ओ बाय! घर हाय ते, म्युझियम नाय. फोटो काढायचा तर विचारून काढ." व्हरांड्यात वर्तमानपत्रामागे एक वयस्कर गृहस्थ बसले होते, ते मला दिसलेच नव्हते.

मी ओशाळले. जवळ जाऊन माफी मागितली, म्हटलं, "पाटी फार छान वाटली, काका. नको असेल तर पुसून टाकते."

"दाखव, काय काढलंय." त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. "हे काय लिवलंय?"

"तुमची पाटी."

"माझी पाटी? माझ्या बापानं रंगवलीय ती. जन्मापासून बगतोय मी. हे आमचं नाव नाय."

सुनीताने मान पुढे घातली. मीही बघितलं. फोटोत पाटी झकास दिसत होती, लाकडाच्या रेषा, पांढरी अक्षरं, सगळं ठसठशीत. पण अक्षरं कुठल्याच भाषेतली नव्हती. लांबून बघितलं तर वाटावं काहीतरी लिहिलंय, आणि वाचायला जावं तर एकही अक्षर अक्षर नव्हे. डोक्यावरची खरी पाटी तर आम्हाला आता सरळ वाचता येत होती.

काका हसायला लागले. "अगं, चार पावलं चालत आली असती तर काय पाय झिजले असते?"

सुनीताने माझ्या हातातून फोन घेतला. "ऐक. मी पानं लावायचे ना, तेव्हा लोक बोटाएवढा फोटो आणायचे आणि म्हणायचे, पानभर छापा. मोठा केला की नुसत्या चौकटी चौकटी. आम्ही सरळ सांगायचो, नाही होणार. तुझा फोन बघ, नाही होणार असं म्हणतच नाही. जे दिसत नाही ते आपल्या मनाने भरून टाकतो."

"म्हणजे झूम केल्यावर तो जवळ जात नाही?"

"कसला जवळ जातोय? थोडं खरं भिंग असतं, ते जातं तेवढंच. पुढे मधला तुकडा कापून ताणतो."

मला कणकेचा गोळा आठवला. गोळा तेवढाच, पोळी लाटून केवढीही मोठी करा, पातळ होणार आणि फाटणार. हा मात्र फाटल्या जागी ठिगळ लावून वर तूपही चोपडत होता. काल डोळ्यांदेखत फोटो लख्ख झाला तो असा झाला होता. सुपाचं फडकं आणि बोटांचा चिखल मला आता नीट आठवला. पण तरी मनात आलं, आईने म्हटलं ते वेगळंच. सूप बिघडलं, बोटं बिघडली, पण गोंदण गडद असतं, त्याची निदान सावली तरी उरली असती.

"थांब," सुनीता म्हणाली, "जवळून कसा येतो बघू. माझा काढ." ती काकांच्या पायरीवर ऐटीत बसली. हातभर अंतरावरून, झूमबीम काही न करता मी तिचा फोटो घेतला. तिने बघितला आणि किंचाळलीच. "माझा तीळ कुठाय?"

सुनीताच्या गालावर वाटाण्याएवढा तीळ आहे. तिचा नवरा अजून म्हणतो, त्या तिळावर भाळून मी होकार दिला. फोटोत गाल स्वच्छ होता. तिने माझ्या फोनच्या कुठल्या कुठल्या खिडक्या उघडल्या आणि एका जागी बोट ठेवलं. चेहरा सुंदर करायची सोय आधीपासूनच चालू होती. मी ती कधी लावली नव्हती, म्हणून कधी बंदही केली नव्हती. सुनीता म्हणाली, "त्याला काय कळतंय गं? कातडीवर काळं दिसलं की डाग समजून पुसतो. तीळ काय, वांग काय, सुरकुती काय..."

"गोंदण काय," मी म्हटलं.

आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो. काकांनी विचारलं, "काय झालं?" सुनीता म्हणाली, "काका, नंतर येऊन सांगते," आणि माझा हात धरून तिने मला हमरस्त्यापर्यंत ओढत नेलं. आम्ही टॅक्सी केली. ती बाई शेवंता नसेलही, असं मी स्वतःला दहादा बजावत होते. आईला तिसऱ्यांदा तेच सांगायची माझ्यात ताकद नव्हती.

चाळीपुढे टेम्पो उभा होता. गाद्या, पातेली, मडकं, बुद्धाची मूर्ती चादरीत गुंडाळून ठेवलेली. पन्नाशीचा एक माणूस घामाघूम होऊन कपाट चढवत होता. आणि फुटपाथवर, लोखंडी पेटीवर, सामानाची राखण करत कालची म्हातारी बसली होती. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. भुवयांच्या मध्ये हिरवट तीन ठिपके. हनुवटीवर एक. चेहऱ्यावर इतक्या सुरकुत्या, की त्या ठिपक्यांनाही कुठे कुठे घडी पडलेली.

सुनीताने पुढे होऊन विचारलं, "शेवंतामावशी का?"

"कोण गं तुमी?"

"मी यमूची मुलगी," मी म्हटलं. "कुडाळहून आलेय."

"कुणाची?" तिला ऐकायला कमी येत होतं. मी वाकून कानाशी ओरडले, "यमूची! यमुनेची! शेजारच्या खोलीतल्या यमूची!"

तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "यमूची पोरगी एवढीशी होती," असं म्हणून तिने गुडघ्याजवळ हात धरला. "तुझे तर केस पांढरे झालेत की गं."

तिचा मुलगा मिलिंद पुढे आला. "जय भीम, ताई. कुडाळच्या मावशींचं नाव घरात रोज निघतं हो. आज आम्ही माहीमला चाललोय, संक्रमण शिबिरात (इमारत नवी होईपर्यंत राहायच्या जागेत). तासाभरात निघालोच असतो."

मी हसत हसत कालचा फोटो मावशीपुढे धरला. "ही कोण?" तिने विचारलं. म्हटलं, तुम्हीच, काल समोरून काढला. तिचा विश्वासच बसेना.

"मी? अशी कोऱ्या कपाळाची? अगं, माझ्या आईनं हातावर गूळ ठेवून हे गोंदवून घेतलं. मी घर डोक्यावर घेतलं होतं रडून. आणि तुझ्या फोननं फुकटात पुसलं व्हय?"

मिलिंदला हसू आवरेना. मावशीचं मात्र माझ्यावरच लक्ष होतं. ती म्हणाली, "यमूची पोरगी म्हणतेस, तर यमू दाखव." मी आईचा फोटो काढला, ह्याच फोनने गुढीपाडव्याला घेतलेला. तिने तो डोळ्यांजवळ नेला, लांब नेला आणि मान हलवली. "ही यमू न्हाय."

आता मात्र मी टेकीला आले. "मावशी, माझी आई आहे हो ती!"

"यमूच्या कपाळाला एक ठिपका हाय. चाळीत गोंदणारीण आली तवा मी म्हटलं, माझ्यासारखं करून घे. तर एक टोचला आणि अशी वरडत पळाली की गिरणीचा भोंगा परवडला. राहिलेले दोन ती आज करते, उद्या करते, म्हणत गावाला गेली."

मी सुनीताकडे बघितलं. आईच्या कपाळावर ठिपका आहे, पण आम्ही सगळे त्याला जन्मभर तीळ समजत आलो. आईनेही कधी सांगितलं नव्हतं. फजितीची गोष्ट कोण सांगेल?

सुनीताने फोनची ती सोय बंद करून दिली. मी पेटीसमोर खाली बसले, मावशीच्या गुडघ्याला माझा गुडघा लागेल इतकी जवळ, आणि साधा फोटो घेतला. सुरकुत्या, पिकलेल्या भुवया, ठिपके, सगळं जसंच्या तसं आलं. तो पाठवला आणि फोन लावला. वहिनी म्हणाली, "थांबा, त्यांना देते." मग आईचा आवाज आला, ओळखू न येण्यासारखा.

"शेवंताच."

"बोलतेस तिच्याशी?"

मी फोन मावशीच्या कानाला लावला. तिला काही ऐकू येईना, वर पुलाचा गोंगाट. ती नुसतीच "यमू, यमू गं" म्हणत राहिली. शेवटी मी फोन घेतला आणि मधली निरोप्या झाले. आई म्हणाली, "तिका सांग, मी तिच्या नावान आंघोळ केलंय."

"हे नको गं आई, आत्ता."

"सांग म्हणतंय ना!"

मग लालबागच्या फुटपाथवर, मावशीच्या कानाशी वाकून मी ओरडले, "आई म्हणते, तिने तुमच्या नावाने आंघोळ केली! तुम्ही गेलात असं कुणीतरी सांगितलं होतं!" मसाल्याच्या पिशव्या घेऊन चाललेल्या दोन बायका थबकल्या. टेम्पोवाल्याने बिडी तोंडातून काढली. मिलिंद हातात पातेलं घेऊन तसाच उभा राहिला. मला वाटलं, आता ही बाई रागावणार.

मावशीने विचारलं, "माझ्यासाठी?"

"हो."

"जेवली न्हाय?"

"दोन दिवस."

"रडली?"

"खूप रडली, मावशी."

तिने पदर डोळ्यांना लावला. रडू आणि हसू दोन्ही एकदम येत होतं तिला. "मागं कोण रडतंय ते मेलेल्याला कुटं कळतंय, बाई. मला जितेपणी कळलं." मी हे आईला सांगितलं. पलीकडून आई नुसती "हां, हां" करत होती. मी रडले, सुनीताही रडली, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

निघताना मावशीने पेटी उघडायला लावली. मिलिंद म्हणाला, "अगं आई, सगळं बांधून झालंय," पण ती ऐकते का? आतून मसाल्याची पुडी काढून तिने माझ्या हातात दिली. मिलिंदने त्याचा नंबर माझ्या फोनमध्ये घातला, मी आमचा त्याला दिला, आणि दोघांनी एकमेकांना फोन लावून खात्री करून घेतली. मावशी टेम्पोत पुढे बसली. दार लावण्याआधी तिने मला जवळ बोलावलं. म्हणाली, "यमूला सांग, माझ्यासाठी एकदा रडून झालंय तिचं. आता खरी गेले की पुन्यांदा रडायचं न्हाय." टेम्पो पुलाखालून परळच्या बाजूला वळला. आम्ही दोघी मग समोरच्या खाणावळीत गेलो. मी पोटभर जेवले.

परतीच्या प्रवासात फोनमधले सगळे जुने फोटो काढून बघत बसले. किती चेहरे मी असे धुऊन ठेवले होते! दादाच्या भुवईवरची लहानपणीची खोक नव्हती, वहिनीच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं नव्हती, आणि मी आम्हा सगळ्यांची तब्येत उत्तम आहे असं समजून चालले होते. फोनवर राग धरण्यात अर्थ नाही. मी लांब उभी राहून त्याला विचारलं, त्याला माहीत नव्हतं, आणि माहीत नाही असं कबूल करायला त्याला कुणी शिकवलेलं नाही. झूम मी अजूनही वापरते, फलाटावरची पाटी वाचायला वगैरे. माणूस बघायचं असेल तर मात्र उठून जवळ जाते.

घरी पोचले तेव्हा आई ओसरीवर वाट बघत होती. मसाल्याची पुडी तिने आधी नाकाला लावली. मी तिच्या कपाळाकडे बघून म्हटलं, "राहिलेले दोन ठिपके कधी करणार?" तर लाजली चक्क! मग मी तिला सगळं सांगितलं, पहिल्यापासून, आणि शेवटी टेम्पोच्या दारातला निरोप सांगितला. आता खरी गेले की पुन्हा रडायचं नाही.

आई पुडीची गाठ सोडत होती, बांधत होती. मला वाटलं, आता डोळे पुसणार.

"आधी ती जातली ह्यां कोणी ठरवल्यान?" आई म्हणाली. "लाव तिका फोन." (आधी ती जाणार हे कोणी ठरवलं? लाव तिला फोन.)

माहीमच्या त्या खोलीत पुलाचा आवाज नव्हता. मिलिंदने फोन मोठ्याने बोलेल असा करून दिला, आणि आधी कोण जाणार ह्यावरून दोन म्हाताऱ्या तावातावाने भांडायला लागल्या. दोघींपैकी एकही मागे हटायला तयार नव्हती. वहिनीने जेवायला हाक मारली, तर आईने हातानेच सांगितलं, तुम्ही बसा, मला वेळ लागेल.